खाष्ट सासवांचा गुरुवार

सर्व ग्रामस्थांना, आणि विशेषतः ज्यांच्या घरी सून नांदते आहे अशा सर्व मातांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, कर्करोग हा स्वभावामुळे होत नाही. सासू कशीही असो, तिच्या वागणुकीचा आणि या रोगाचा काहीही संबंध नाही, असे शासनाच्या आरोग्य विभागाचे स्पष्ट मत आहे. तरी या कारणावरून कोणीही कोणाकडे बोट दाखवू नये. हुकमावरून.

ही घोषणा मी लिहिलेली आहे. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ती लागोपाठ दोन संध्याकाळी गावाला ऐकवण्यात आली, आणि वाचणारा आवाजही माझाच होता. शाळेत असताना गॅदरिंगच्या नाटकात मी राजमातेचं काम करायचे. तो आवाज तेव्हापासून नुसता पडून होता, त्या दिवशी कामी आला. आरोग्य विभागाचं असं मत आहे हे आरोग्य विभागाला अजून माहीत नाही, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा जिथवर ऐकू येतो त्या टापूत कुठेतरी आहे, एवढं पुरे.

मी नर्स आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात. लोक ‘सिस्टर’ म्हणतात, आणि आता इतकं म्हणतात की खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर मी मागे वळून बघते, कुणाला बोलावतात ते. इंजेक्शनं, बाळंतपणं, पोलिओचे डोस हे सगळं सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्या केंद्रात दर गुरुवारी आणखी एक काम चालतं. तिशीच्या पुढच्या बायकांची कॅन्सरसाठी तपासणी. काही दुखत नसताना, खुपत नसताना, धडधाकट बाईने यायचं आणि तपासून घ्यायचं.

यात काय असतं ते सांगते, कारण ऐकून लोक निराश होतात. तोंड उघडायला लावायचं आणि टॉर्चने आत बघायचं, तंबाखू-मशेरीने पांढरा चट्टा पडलाय का. गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिड लावून रंग बदलतो का ते बघायचं. हे ॲसिड म्हणजे चायनीजच्या गाडीवर नूडल्समध्ये जे टाकतात त्याचाच सख्खा भाऊ. आणि तिसरी, छातीची तपासणी. त्याला तर एवढंही लागत नाही. पडद्याआड बाईला झोपवायचं, आणि बोटांच्या पेरांनी गोल गोल, थोडं थोडं दाबत, काखेपर्यंत जायचं. मऊ, बोटाखालून सटकणारी गाठ बहुधा साधी असते. कडक, जागची न हलणारी लागली तर पुढे नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. सुई नाही, रक्त नाही, यंत्र नाही. आणि यंत्र नाही म्हणूनच भरवसा नाही. “नुसता हात लाईसन काय समजस?” असं विचारणाऱ्या बायका भाकरीचं पीठ मात्र नुसता हात लावूनच ओळखतात.

तर गुरुवारी कोणी येत नसे. आमची आशाताई निर्मला गावभर फिरून सांगायची आणि एकटीच परत यायची. भिंतीवर गुलाबी फितीचं पोस्टर होतं. एका बाईने ते नीट वाचलं आणि मला विचारलं, ही फीत फुकट मिळते का. डॉक्टर साहेब लातूरकडचे, नवे, लग्न न झालेले. गुरुवारी ते आपणहून बाह्यरुग्णांत तोंड लपवून बसत.

आणि मग ती सासू आजारी पडली.

तिचं नाव सांगत नाही, गरजही नाही. रोज संध्याकाळी एका मालिकेत ती सासूचं काम करायची. काम म्हणजे काय, छळच. सुनेच्या वरणात मीठ टाकणं, सुनेच्या माहेरचे फोन तोडणं, जिन्यावर तेल सांडून ठेवणं. आमच्याकडे ऊसतोडीहून आलेली बाईसुद्धा तिला शिव्या दिल्याशिवाय चूल पेटवत नसे. त्या नटीने मोबाईलवर एक व्हिडिओ टाकला. साधी साडी, मेकअप नाही, आणि शांतपणे सांगत होती की मला छातीत गाठ लागली, मी लवकर दाखवलं, कॅन्सर निघाला, उपचार चालू आहेत, तुम्हीही तपासून घ्या. फार चांगलं बोलली बिचारी. मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. म्हटलं, आता माझा गुरुवार भरणार.

भरला. पण गावाने त्या व्हिडिओचा जो अर्थ लावला तो मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेला नव्हता. गावाचं म्हणणं असं, की इतकी वर्षं सुनेला छळलं, मग दुसरं काय होणार.

पहिल्याच गुरुवारी केंद्राच्या बाहेर सासवांची रांग. प्रत्येकीच्या मागे सून, आणि सुनेचा हात सासूच्या दंडाला. सासवा पदर नाकापर्यंत ओढून अशा उभ्या, की जणू कोर्टात आणलंय. मी पहिल्या जोडीला आत घेतलं आणि नेहमीप्रमाणे विचारपूस सुरू केली.

“तरास कोनले शे?”

“माले,” सून म्हणाली.

“कवयपाईन?”

“लगीन व्हयनं तवयपाईन.”

“मंग तपासानं कोनले?”

“यासले.” आणि सासूला पुढे ढकललं.

दिवसभर हेच. एका सुनेने तर सासूसमोरच तक्रारींची यादी तोंडपाठ म्हणायला घेतली, मला वाटलं लक्षणं सांगतेय. दुसरी म्हणाली, “सिस्टर, डावी बाजूच दखा. उजवीले काई नही, व्हिडिओमा सांगेल शे.” आणि एक जावई आपल्या सासूला थेट खांडबाऱ्याहून घेऊन आला. म्हातारी नवापूरकडच्या डोंगरातली, पिशवीत तांदूळ घेऊन लेकीकडे राहायला निघालेली. मी त्याला समजावलं की टीव्हीवरची ती नवऱ्याची आई असते, बायकोची नाही. तो म्हणाला, “सासू ती सासू.” म्हातारीला यातलं काही कळत नव्हतं. मी डोळा मारला तशी ती मोकळेपणी हसली, आणि त्या हसण्यात मला तिच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा दिसला. तिला तंबाखू सोडायला लावली, पुढे पाठवलं, वेळेवर झालं. त्या अख्ख्या गर्दीत खरोखर सापडलेला तो पहिला रोग, तोही नको त्या सासूच्या नको त्या जागी. तोंड दाखवायला म्हणून एकही बाई आली नव्हती, कारण नटीचं तोंड चांगलं होतं.

अशी दोन-तीन गुरुवारांची चंगळ झाली आणि सासवांनी उलटा डाव टाकला. मारुतीच्या ओट्यावर बैठक बसली. ठराव असा, की जी तिकडे तपासायला जाईल ती आपण होऊन कबूल करते की मी खाष्ट आहे. झालं, रांग गेली. सुना दंड धरायच्या, सासवा खांबाला मिठी मारायच्या.

तेव्हा मी ती सुरुवातीची घोषणा लिहिली. माझा बिनतोड हिशोब होता, की गैरसमज आहे, तो भोंग्यावरून दूर करू. परिणाम असा झाला, की ज्या घरांना तोवर हे माहीतच नव्हतं त्यांनाही कळलं. मळ्यातले लोक दुसऱ्या दिवशी निर्मलाला विचारायला आले. एक म्हातारे आजोबा तर मला रस्त्यात थांबवून म्हणाले, “सरकार ज्या गोटले नही म्हनस, त्यामा काहीतरी ऱ्हास.” मी राजमातेचा आवाज पुन्हा आत ठेवून दिला.

पुढच्या गुरुवारी मी आणि निर्मला रिकाम्या बाकावर शेंगा सोलत बसलो होतो. फाटकातून भागामाय आत आली. एकटी.

भागामाय म्हणजे आमच्या गावचं अधिकृत उदाहरण. कोणत्याही घरात सासू जरा चढ्या आवाजात बोलली की म्हणतात, भागामाय होऊ नको. उंच, काळीसावळी, उसाच्या पाण्याच्या पाळीवरून भल्या भल्या पुरुषांना बांधावर रडवलेली. तिची सून सुनंदा हुशार, तीही काही कमी नाही. दोघींचं भांडण सुरू झालं की शेजारचे टीव्हीचा आवाज बंद करतात, कारण इकडचं जास्त चांगलं असतं.

भागामाय पडद्याआड जाऊन स्वतःच आडवी झाली. “तपास. गावमा मी खाष्ट शेच. आखो काय नवं निंघी?”

मी तपासलं. सावकाश, दोन्ही बाजू, काखेपर्यंत. काहीही नाही. या वयात इतकी ठणठणीत बाई मी फार कमी पाहिली.

“काई नही, माय. बठ्ठं चांगलं शे.”

“काय सांगं?”

“चांगलं शे.”

“जोरमा सांग. बाहेर आयकाले गयं पाहिजे.”

मी जोरात सांगितलं. बाहेर सुनंदा येऊन उभी होती, सासू एकटी निघाली म्हणून काळजीने मागोमाग आलेली. ती पडद्यातून डोकं आत घालून माझ्या हातांकडे बघू लागली. “सिस्टर,” ती हळूच म्हणाली, “आखो एक डाव हात लावी दखा ना. नीट.”

भागामाय त्या दिवशी घरी गेलीच नाही. संध्याकाळपर्यंत केंद्राच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या पोरांनासुद्धा, सांगत राहिली, की सरकारच्या सिस्टरने हात लावून बघितलं आणि मी चांगली सासू निघाले. गावाच्या सिद्धान्ताला तडा गेला होता, पण गाव सिद्धान्त सोडायला तयार नव्हतं. ते म्हणालं, तपासणी चुकली. तरीही आता सासवा चोरून-मारून येऊ लागल्या, कारण भागामाय जर पास होते तर आपण का नाही. मला काय, कारण कोणतंही असो, काख ती काख.

इथवरची गंमत मी कितीतरी वेळा सांगितली आहे, लग्नांत, बदलीच्या निरोप समारंभांत, एकदा तर एसटीत. आता जे सांगणार आहे ते मात्र त्या काळात मला कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं असेल ते ज्यांनी मला बोलताना ऐकलंय त्यांनाच कळेल.

भागामायच्या घरासमोर, बोळाच्या पलीकडे, कमलजिजीचं घर. भागामाय जेवढी वाईट म्हणून प्रसिद्ध तेवढी कमलजिजी चांगली म्हणून. दोन सुना, दोघींना ती ‘बेटा’ म्हणते. पहाटेचा चहा सासू करते आणि सुनांना उठवते. धाकटीला शिकायचं होतं तर तिला शहाद्याला कॉलेजात घातलं. गावात नवी नवरी आली की उंबऱ्यावर तिचा हात आधी कमलजिजीच्या हातात देतात, मग ती घरात शिरते. हे कधी सुरू झालं कुणाला आठवत नाही, पण कमलजिजी आल्याशिवाय वरात दारात थांबून राहते. भागामायला हा मान कधीच मिळाला नाही, आणि ते ती कधी विसरली नाही.

मी बीपीच्या गोळ्या द्यायला कमलजिजीकडे गेले होते. मोठी सून रेखा आत भाकरी टाकत होती. कमलजिजीने आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, “सिस्टर, मन्हा माहेरले एक बाई शे. तिनी तो टीव्हीवालीना व्हिडिओ दखा, मंग हात लाई दखा. तिले गाठ लागस. दुखत नही. त्यानं काई व्हस का?”

बोलताना तिचा उजवा हात पदराखाली, डाव्या काखेजवळ होता. तो तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं.

“तिले आठे बलाई ल्या, जिजी. मी दखसू.”

“ती घरबाहेर निंघत नही.”

“मंग मी तिन्हा घर जासू.”

“तिन्या वह्या घरमा ऱ्हातस.” वह्या म्हणजे सुना.

माझ्या धंद्यात हे माहेरचं माणूस नेहमी येतं. कुणाच्या माहेरच्या बाईला पाळी लांबते, कुणाच्या माहेरच्या बाईला नको तिथे खाज येते. सगळी माहेरं आजारी. आपण त्या बाईला औषध द्यायचं आणि समोरची घेते. पण गाठ अशी परस्पर तपासता येत नाही.

“जिजी, त्या बाईले सांगा,” मी म्हटलं, “बहुतेक गाठी साध्या ऱ्हातस. पन दखाडाले पाहिजे. लवकर दखाडं तं बरी व्हस. उशीर व्हयना तं मन्हा हातमा काई ऱ्हात नही.”

ती गोळ्यांच्या पाकिटाशी खेळत म्हणाली, “ती बाईनी सारी जिनगी चांगलं ऱ्हावामा गई, सिस्टर. तपासाले गई म्हंजे ते बी जाई.”

मला हसू आलं नाही. तोवर मी त्या खाष्ट सासवांच्या गोष्टीला भरपूर हसले होते. एका गावाने टीव्हीवरून एक वेडगळ समजूत उचलली, तिच्यामुळे भांडखोर बायका तपासून निर्धास्त झाल्या, आणि जिला खरी गरज ती चांगुलपणा सांभाळत घरात बसली. सुनाही तिला आणणार नव्हत्या. रेखाला मी आडून विचारलं तर ती दुखावलीच. “आमन्या आईले कसाले, सिस्टर? त्या तं देवमानूस शेतस.”

आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. रुग्णाचं रुग्णाजवळ राहतं, हा आमचा नियम, आणि इथे तर रुग्ण अजून माहेरची होती. डॉक्टर साहेबांना नाव न घेता विचारलं, तर ते म्हणाले, समुपदेशन करा. केलं. तीनदा गोळ्या द्यायच्या निमित्ताने जाऊन त्या माहेरच्या बाईची चौकशी केली. बाई घरातच होती.

मग एका सकाळी भागामाय खोबरेल मागायला केंद्रात आली. आम्ही खोबरेल देत नाही, हे तिला माहीत आहे. ती बोलायला येते. तिने पुन्हा आपला निकाल ऐकवला. मी निर्विकार चेहऱ्याने ऐकलं आणि म्हटलं, “पन माय, तुम्ही एकल्या चांगल्या निंघन्या त्यामा काय मोठं? मुकाबला तं कोनसंगे व्हयनाच नही.”

“कोनसंगे व्हवाले पाहिजे?”

“कोनसंगे बी. आते कमलजिजी तं आठे उनीच नही ना.”

“उनी नही?”

“नही.”

“काब्रं?”

“माले काय माहीत.”

एवढंच. एक शब्द खोटा नाही, एक गुपित फुटलं नाही. पण भागामायच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो बघून मला थोडी धाकधूक वाटली.

पुढच्या गुरुवारी भर बोळात भागामाय कमलजिजीच्या ओट्यासमोर उभी राहिली आणि तिने पुकारा सुरू केला. निर्मलाने मला तो जसाच्या तसा करून दाखवला. “कमल, तू काब्रं भ्याई ऱ्हायनी? मी जाई उनी, मरनी का? का काई निंघी असं वाटी ऱ्हायनं?” लोक जमले. रेखा बाहेर येऊन भांडायला लागली. आता कमलजिजीची दोन्हीकडून कोंडी झाली. गेली तरी बोभाटा, नाही गेली तरी बोभाटा. ती चपला घालून निघाली. भागामायने तिचं मनगट धरलं ते केंद्रापर्यंत सोडलं नाही. रस्ताभर समालोचन चालू, की चला, आते हिले बी तपासू, दखू कोन कितली चांगली शे.

मी कमलजिजीला पडद्याआड घेतलं. ती छताकडे बघत होती. मी डाव्या काखेजवळ पोचले आणि माझी बोटं थांबली. चिंचोक्याएवढी. कडक. जागची हलत नव्हती.

तिने डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनी सांगितलं, की माहेरच्या बाईला नंदुरबारला न्यावं लागेल.

“निंघनं का काई?” पडद्याबाहेरून भागामाय.

मी चेहरा धुतल्यासारखा करून बाहेर आले. राजमातेच्या आवाजात म्हटलं, “बीपी वाढेल शे. नंदुरबारले दखाडनं पडी.”

मी चांगली नटी आहे असं मला वाटत होतं. भागामायने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत माझ्याकडे. बाहेर सगळ्या सासवा कान टवकारून उभ्या होत्या. ती त्यांच्याकडे वळली आणि हात उडवून म्हणाली, “बीपी शे, बीपी. चला घर, काई तमासा नही.” मग माझ्याजवळ येऊन अगदी खाली आवाजात, जो तिला आहे हे मला माहीतच नव्हतं, “मी बी येस तिनासंगे.”

“तुमनं काय काम तठे, माय?”

“तिन्या वह्या रडतीन. रडनारं मानूस दवाखानामा काय कामनं?”

गावात असं सांगण्यात आलं, की दोघी नंदुरबारला लग्नाच्या साड्या घ्यायला चालल्या आहेत. गावाने ते मानलं नाही. भागामाय आणि कमलजिजी एका दुकानात, हे कॅन्सरपेक्षा अशक्य होतं. पण खरं काय ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण कमलजिजी चांगली होती.

सोनोग्राफी झाली, सुईने गाठीतला नमुना काढून तपासायला नेला, पुन्हा बोलावलं, पुन्हा थांबवलं. प्रत्येक खेपेला मी रजा टाकून सोबत, रेखा सोबत, आणि भागामाय तर होतीच. ठेपल्यांचा डबा तिचा. रांगेत घुसणाऱ्यांना बाहेर काढणं तिचं. एक्स-रेवाल्या पोराने कमलजिजीला ‘ए आजी’ म्हटलं, तर भागामायने त्याला त्याच्या आईची खुशाली इतक्या सविस्तर विचारली, की तो पुढे ‘मावशी, बसा’ असं म्हणायचा.

शेवट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागणार नाही. कमलजिजीचं ऑपरेशन झालं. औषधांनी केस गेले, तेव्हा सहा महिने डोक्याला कायम पदर. केस परत आले, ते कुरळे, आणि याचं तिला फार कौतुक आहे. आज ती घरी आहे, चहा करते, सुनांना उठवते. आजारानंतर पहिली वरात आली तेव्हा ती उंबऱ्यापाशी जायला कचरली. भागामायने तिला मागून असं ढकललं, की नवरी पडता पडता वाचली.

ती नटीही बरी झाली. मालिकेत परतली, पुन्हा तेल सांडू लागली. व्हिडिओ कुणाच्या लक्षात नाही. मध्ये एका क्रिकेटपटूचा गुडघा टीव्हीवर गाजला, तर गावातले अर्धे गुडघे महिनाभर दुखले. आमच्याकडे जे टीव्हीवर दुखतं तेच गावात दुखतं, आणि बातमी संपली की थांबतं. त्या बाईबद्दल मी वाईट बोलणार नाही. ती बोलली नसती तर कमलजिजीने स्वतःला कधी हात लावून पाहिला नसता. पण माझी रांग भरली ती तिच्यामुळे तीन आठवडे, आणि त्यातले दोन भांडणात गेले. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर टीव्हीच नाही, तिथे तर ती कधी आजारीच पडली नाही. तिकडच्या बायका आजही मला सापडतात त्या उशिरा.

आता गुरुवारी पाच-सहा जणी येतात. फार नाहीत. पण त्या स्वतःहून येतात, सुनेसोबत येतात, कुणाचा दंड कुणी धरलेला नसतो. मी विचारलं की काय वाटून आलात, तर सांगतात, “कमलजिजीले व्हई सकस तं कोनले बी व्हई सकस.” हे एवढं वाक्य मला ना पोस्टरने मिळवून दिलं, ना भोंग्याने.

कमलजिजीचा आजार गावाला कळला कसा, हे राहिलंच. ते नंदुरबारच्या दवाखान्याच्या व्हरांड्यातून सुरू झालं.

निकालाचा दिवस. बाकावर कमलजिजी मधोमध, एका बाजूला रेखा, दुसऱ्या बाजूला भागामाय, मांडीवर डबा. डॉक्टरबाई बाहेर आल्या, वाकून बसल्या आणि चांगल्या समजुतीने बोलल्या. गाठ कॅन्सरची आहे. पण लहान आहे, लवकर सापडली आहे. ऑपरेशन करू, औषधं देऊ, बऱ्या व्हाल. रेखा भिंतीकडे तोंड करून हुंदके द्यायला लागली. व्हरांड्यात माणसं होती, आमच्या बाजूच्या गावांतलीही होती, सगळी इकडे बघू लागली.

कमलजिजीने पदर कपाळापर्यंत ओढला. रडली नाही. घाबरून विचारलं ते आजाराबद्दल नव्हतंच. अगदी हळू म्हणाली, “आते गावमा काय सांगानं?”

भागामायचे डोळे भरून आले होते, डब्याचं झाकण तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. आणि तिच्या तोंडून, बांधावर ओरडावं तितक्या मोठ्याने, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं बाहेर पडलं:

“काय सांगानं म्हंजे? इतला वरीस मी बठ्ठा गावले सांगी ऱ्हायनी, हाई बाई मन्हापेक्षा खाष्ट शे, तं कोनी आयकं नही.”